घरच्या .३१५ रायफलच्या ट्रिगरची पिन बदलून घेतली, त्याची हकिकत

जून २०२४ मध्ये सुरू झालेलं हे काम जानेवारी २०२५ मध्ये संपलं. काम एवढंच, की आमच्या घरच्या .३१५ रायफलच्या ट्रिगरची पिन, म्हणजे ज्या लहान सळीवर ट्रिगर फिरतो ती, झिजली होती, ती बदलायची होती. पिन काडेपेटीतल्या काडीहून जराशी जाड आणि तिच्याहून आखूड. पण ती कुणी बदलायची, कुठून आणायची, कशाची करायची, बसवल्यावर तपासायची कशी, यातलं काहीही मराठीत वाचायला मिळालं नाही. इंग्रजीत पुष्कळ आहे, पण ते जिथे माणूस घरपोच ट्रिगर मागवतो आणि घरच्या टेबलावर बसवतो, अशा देशांतलं. आपला कायदा वेगळा, रायफल वेगळी आणि पाऊसही वेगळा. ज्यांच्या घरी अशी जुनी रायफल परवान्यावर आहे, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

रायफल आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. इच्छापूरच्या कारखान्यातली, पाच गोळ्यांच्या मॅगझिनची, हाताने बोल्ट (मागचा दांडा) मागे-पुढे करून गोळी भरायची, बोल्ट अॅक्शन. .३१५ इंच हे नळीचं माप आपल्याकडे रुळलं त्याला कारण आहे. इंग्रजांच्या काळात .३०३ हे लष्कराचं काडतूस, ते सामान्य नागरिकाला ठेवता येत नसे. म्हणून लष्कराच्याच ली-एनफिल्ड धाटणीची रायफल वेगळ्या काडतुसासाठी बनवली गेली. त्यामुळे आमच्या रायफलच्या आतली यंत्रणा बव्हंशी जुन्या लष्करी एनफिल्डचीच आहे. पुढे जे घडलं ते या यंत्रणेमुळेच घडलं, म्हणून हे आधी सांगितलं. परवाना पीकसंरक्षण आणि स्वसंरक्षणासाठीचा. आबांनी पंचवीस वर्षांहून जास्त काळ रायफल बाळगलेली असल्याने शस्त्र नियम २०१६ प्रमाणे त्यांच्या हयातीतच ती वारस म्हणून माझ्या नावावर करून घेता आली. परवानाधारक सत्तरीचा झाला असेल तरी हे करता येतं. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं आणि मृत्यूनंतर रायफल ठाण्यात पडून राहते.

लोकसभेच्या आचारसंहितेत रायफल पोलीस ठाण्यात जमा होती. निकाल लागल्यावर जूनमध्ये ती परत मिळाली. घरी आणून मॅगझिन काढलं, बोल्ट काढला, चेंबर (नळीचा काडतूस बसतं तो मागचा भाग) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि करंगळीने पाहिलं आणि पुसायला घेतली. तेव्हा ट्रिगर डावी-उजवीकडे हलतोय हे बोटाला लागलं. थोडासा हलणं या रायफलीत नवीन नाही, पण हा जास्तच होता आणि खालीवरही होत होता.

एनफिल्डच्या ट्रिगरला दोन दाब असतात. ट्रिगरच्या माथ्यावर दोन उंचवटे आहेत. पहिला उंचवटा सिअरला (गोळी उडवणारी यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याला) टेकतो आणि बोट बरंच मागे जातं, तो पहिला दाब. मग दुसरा उंचवटा टेकतो, बोटाला अडल्यासारखं होतं, आणि तिथून पुढे थोडासा जोर दिला की सिअर सुटतो. पहिला दाब कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे बोटाला स्वच्छ कळायला हवं. आमच्या रायफलीत ते कधी कळे, कधी नाही. रायफल उजवीकडे कलती धरली की दुसरा दाब जड, डावीकडे धरली की हलका. एकाच ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, धरण्याच्या पद्धतीने बदलत असेल तर पिनेचा संशय घ्यावा, हे मी नंतर काम करणाऱ्या मिस्त्रींकडून शिकलो. त्या वेळी मला इतकंच कळलं, की जिच्यावर भरवसा ठेवता येत नाही अशी रायफल घरात भरून ठेवायची नाही. काडतुसं वेगळ्या कपाटात कुलूपबंद केली आणि काम पुरं होईपर्यंत ती तिथेच राहिली.

जून-जुलै चौकशीत गेला. पहिला सल्ला मिळाला तो लेथवाल्याकडे जाण्याचा. ओळखीतला माणूस म्हणाला, पाच मिनिटांत पिन काढून देईल, चहा पाजला तरी पुरे. दुसरा सल्ला परदेशी संकेतस्थळावरून पिन मागवण्याचा. तिथे एनफिल्डच्या पिना मूठभर पैशांत मिळतात, छायाचित्रंही छान असतात.

दोन्ही वाटा बंद आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या दुसऱ्या कलमात शस्त्र या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात शस्त्राचे भागही येतात. नळी आणि बोल्टच तेवढे मोठे भाग म्हणून येतात आणि पिन लहान म्हणून सुटते, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे परदेशातून मागवलेली पिन ही कायद्याच्या नजरेत शस्त्राच्या भागाची आयात, आणि आयातीला कलम १० खाली परवाना लागतो. पार्सल सीमाशुल्काकडे अडकलं तर खुलासा तुम्ही द्यायचा. लेथवाल्याचं प्रकरण याहून गंभीर. कलम ५ मध्ये दुरुस्ती हा शब्द निर्मिती आणि विक्री यांच्या पंगतीलाच बसलेला आहे. परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करायचं नाही. हे मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी ७ वर्षं. ज्या लेथवाल्याने चहावर काम केलं असतं, त्याला आपण कशात ढकलतोय हे त्याला माहीतही नसतं. मला स्वतःला हत्यारं चालवता येतात, घरचा पंप मी उघडतो, पण त्याच कारणाने ही पिन मी घरी ठोकून काढली नाही. साफसफाई आणि तेलपाणी मालकाने करावं. पिन काढायची वेळ आली की परवानाधारक मिस्त्री शोधावा.

तो शोधणं हेच या कामातलं सर्वांत चिकाटीचं. शस्त्रविक्रेते बरेच आहेत, पण दुरुस्तीचा परवाना आणि दुरुस्ती येणारा माणूस हे दोन्ही एका दुकानात असतीलच असं नाही. काही ठिकाणी रायफल ठेवून घेतात आणि काम दुसरीकडे पाठवतात. तसं असेल तर ती कोणाकडे जाणार, त्याची नोंद कुठे होणार, हे विचारल्याशिवाय देऊ नये. मी फोनवर दोनच प्रश्न विचारत असे: तुमच्या परवान्यात दुरुस्ती आणि चाचणी दोन्ही आहेत का, आणि काम तुमच्याच दुकानात होईल का. पहिल्या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे मी गेलो नाही. शेवटी ज्यांच्याकडे काम झालं ते म्हातारे मिस्त्री. त्यांनी प्रश्न ऐकल्यावर भिंतीवरचा परवानाच काढून समोर ठेवला आणि मलाच उलट विचारलं, "दादा, पिन बदलायची आहे, का ट्रिगर हलका करायचा आहे? हलका करायचा असेल तर मी करत नाही."

रायफल न्यायच्या आधी आपला परवाना नीट वाचावा. त्यात क्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा राज्यापुरता. माझा महाराष्ट्रभर चालणारा होता म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात नेता आलं. नसता तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून परवानगी काढावी लागली असती. मुदतही पाहावी. परवाना आता पाच वर्षांचा असतो, आणि दुरुस्ती लांबली की तो मधेच संपू शकतो. परवान्यावर युआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे ना ते पाहावं, आणि परवान्यात लिहिलेला रायफलचा क्रमांक रायफलवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा. आमच्या रायफलच्या बोल्टवरही क्रमांक आहे, तोही मी टिपून ठेवला होता. नेताना रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, बंद पिशवीत, गाडीच्या मागच्या भागात. काडतुसं बरोबर घेतली नाहीत, मूळ परवाना मात्र खिशात होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रायफल दुकानात दिली. मिस्त्रींनी रजिस्टरात माझं नाव, परवाना क्रमांक, युआयएन, रायफलचा क्रमांक, तक्रार आणि तारीख लिहिली, माझी सही घेतली आणि शिक्क्याची पावती दिली. ही पावती परवान्याबरोबरच ठेवायची असते. मधल्या काळात ठाण्यातून कुणी तपासणीला आलं आणि घरात रायफल नसली, तर ती कुठे आहे हे सांगणारा तेवढाच कागद असतो. मी तिची प्रत आमच्या ठाण्यातही दिली. तशी सक्ती कुणी केली नव्हती, पण हवालदारांनी ती फाइलला लावून घेतली आणि पुढे आचारसंहितेच्या वेळी त्याचा उपयोग झाला.

उघडताना मला समोर बसू दिलं, हे त्यांचे उपकार. त्यांनी आधी चेंबर स्वतः पाहिलं, मग मलाही पाहायला लावलं. मॅगझिन बाजूला. पेचकसाचं टोक त्यांनी स्क्रूच्या खाचेत बसेल असं घासून घेतलं होतं, कारण खाच एकदा फाटली की रायफल कुणीतरी अडाण्याने उघडली होती हे कायमचं लिहिलं जातं. ट्रिगर गार्डचे (ट्रिगरभोवतीच्या लोखंडी कमानीचे) पुढचा आणि मागचा असे दोन स्क्रू काढले, आणि गार्ड ट्रिगरसकट खाली आला.

इथे ही यंत्रणा समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. या रायफलीत सिअर वर आहे, रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याला, बसवलेला. ट्रिगर खाली आहे, गार्डला पिनेने टांगलेला. म्हणजे ज्या दोन भागांनी एकमेकांना केसभर अंतरावरून भेटायचं, ते दोन वेगळ्या तुकड्यांवर आहेत आणि त्या तुकड्यांच्या मधे लाकूड आहे. लाकूड फुगलं की गार्ड खाली जातो आणि ट्रिगर सिअरपासून दूर होतो. लाकूड वाळलं किंवा दबलं की ट्रिगर वर येतो. ब्रिटिशांनाही हे जाचलं असावं, कारण पुढच्या नंबर ४ एनफिल्ड रायफलच्या १९४९ च्या मार्क २ रूपात त्यांनी ट्रिगर गार्डवरून काढून थेट रिसीव्हरला टांगला. आमची रायफल त्याआधीच्या नमुन्यावरची.

मिस्त्रींनी गार्ड एका भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला, पिनेहून जराशी बारीक पंच घेतली आणि पितळी हातोडीने दोन हलके टोले दिले. पिन निघाली. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं, की मधला भाग, जिथे ट्रिगर फिरतो, तो चमकदार आणि बारीक झालाय आणि दोन्ही टोकं अजून मूळ मापाची आहेत. मायक्रोमीटरने टोकांवर आणि मधे मोजून त्यांनी आकडे वहीत लिहिले. मग गार्डच्या दोन्ही कानांतली भोकं आणि ट्रिगरचं भोक पाहिलं. त्यासाठी त्यांच्याकडे क्रमाने जाड होत जाणाऱ्या घासलेल्या सळ्यांचा संच होता. गार्डची भोकं गोल होती. ट्रिगरचं भोक एका बाजूला लांबुळकं झालं होतं.

पिन कशी निवडायची याचा सगळा विचार इथे येतो. भोकं गोल असतील आणि पिनच झिजली असेल, तर मूळ मापाची नवी पिन बसवली की झालं. भोकं काढून मोठी करायची नाहीत, कारण काढलेलं लोखंड परत येत नाही. भोक लांबुळकं झालं असेल, तर नवी पिन त्यात तशीच डुगडुगणार. मग एकतर ट्रिगर नवा, नाहीतर भोक रीमरने (भोक हळूहळू मापात कापणाऱ्या हत्याराने) गोल करून त्या मापाची जाड पिन. नव्या ट्रिगरचा मोह होतो. मिस्त्रींकडे जुन्या सुट्या भागांत एक होताही. पण ट्रिगर बदलला की माथ्यावरचे दोन उंचवटे बदलतात, दोन्ही दाबांचं गणित नव्याने जुळवावं लागतं आणि ते जुळवताना कानस हातात येते. त्यांनी तो लावून पाहिला. दुसरा दाब जवळजवळ नाहीसाच झाला. काढून ठेवला. आमचाच ट्रिगर राहील, भोक गोल होईल, पिन जाड होईल, असं ठरलं.

पिन कशाची? मी वाचून गेलो होतो, त्यामुळे एकेक विचारत गेलो. बाजारात तयार मिळणारी पोकळ स्प्रिंग पिन चालणार नाही. तिच्या अंगावर उभी चीर असते, ती जागी घट्ट राहण्यासाठी केलेली असते, तिच्यावर काही फिरवायचं नसतं. खिळ्याचं लोखंड मऊ, वर्षभरात पुन्हा खाच पडेल. ड्रिल बिटचा तुकडा तोडून घालणारे लोक आहेत. ते हायस्पीड स्टील इतकं कडक असतं, की पिन तशीच राहते आणि ट्रिगरचं भोक खाल्लं जातं, शिवाय ठोकताना तडकण्याची भीती. मिस्त्रींनी सिल्व्हर स्टीलची (नावात चांदी असली तरी हे तापवून कडक करता येणारं पोलाद) घासून गुळगुळीत केलेली सळई घेतली. कापली, टोकं किंचित उतरती केली, तापवून तेलात विझवली, मग पुन्हा हळू तापवत निळा रंग येईपर्यंत टेम्पर केली, म्हणजे कडकपणा थोडा उतरवला. त्यांचं म्हणणं, पिन ट्रिगरपेक्षा थोडी मऊच हवी. झिजायचंच असेल तर जो भाग शंभर रुपयांत पुन्हा करता येतो तो झिजावा. मला हे फार पटलं, आणि दुसऱ्या कुणाकडे काम देणाऱ्यानेही हे विचारून घ्यावं असं वाटतं. "एकदम कडक पिन टाकतो, आयुष्यभर बघायला नको," असं कुणी म्हणालं तर थांबावं.

भोकं मोठी करताना ट्रिगर गार्डमध्ये त्याच्या जागी धरून दोन्ही कान आणि ट्रिगर यांतून रीमर एकाच रेषेत फिरवला, हाताने, तेल सोडत, एका दिशेने. वेगवेगळी केली असती तर भोकं एकमेकांसमोर आली नसती आणि ट्रिगर तिरका बसला असता. मग ट्रिगर बाहेर काढून फक्त त्याच्या भोकाला आणखी एक फेरा. हेतू असा की पिन गार्डच्या कानांत घट्ट बसावी आणि ट्रिगर तिच्यावर मोकळा फिरावा. दोन्हीकडे घट्ट असेल तर ट्रिगर सोडल्यावर आपणहून पुढे येत नाही, आणि दोन्हीकडे सैल असेल तर पिन कधीतरी सरकून बाहेर येते. बसवल्यावर पिनेची टोकं कानांच्या किंचित आत होती. बाहेर डोकावणारं टोक लाकडाला आतून फोडतं.

सिअरला त्यांनी हात लावला नाही, फक्त पुसून भिंगाखाली पाहिला. सिअर आणि कॉकिंग पीस (काडतुसाला ठोका देणाऱ्या पिनेचं मागचं टोक) जिथे एकमेकांना अडकतात ते पृष्ठभाग वरवर कडक केलेले असतात, आत लोखंड मऊ. दगडावर घासून गुळगुळीत केले की दोन दिवस ट्रिगर लोण्यासारखा वाटतो आणि मग वरचा कडक थर संपलेला असतो. या रायफलीत बोल्ट पुढे ढकलताना सिअरने कॉकिंग पीस धरून ठेवायचा असतो, त्याने धरला तरच मेनस्प्रिंग (ठोका देणारी मुख्य स्प्रिंग) दाबली जाते. तिथली पकड गेली तर बोल्ट बंद करतानाच गोळी सुटू शकते. ट्रिगर हलका करून मागणाऱ्यांना ते नाही का म्हणतात, हे तिथे बसून कळलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चाचणीला बोलावलं. आधी सगळं रिकाम्या रायफलीवर. बोल्ट जोरात पुढे आपटून बंद करायचा, पुन्हा पुन्हा, आणि कॉकिंग पीस दर वेळी धरला जातो का पाहायचं. कॉक करून, म्हणजे स्प्रिंग दाबून धरलेली असताना, दस्त्याखाली आणि दोन्ही बाजूंनी रबरी हातोडीने ठोकायचं. सेफ्टी मागे करून ट्रिगर जोर लावून ओढायचा, सोडायचा, सेफ्टी पुढे करायची, आणि बोट न लावता काही सुटत नाही ना ते बघायचं. मग डमी, म्हणजे बिनदारूच्या, काडतुसांनी हेच. मग काट्याने वजन. पहिला दाब स्वच्छ होता. दुसरा साधारण २.६ किलोवर सुटत होता, रायफल कशीही धरली तरी तेवढ्यावरच. जुन्या लष्करी मापात दुसरा दाब पाच ते साडेसहा पौंडांचा असे, म्हणजे आमचा त्यात बसत होता. शेवटी त्यांच्या वाळूच्या चाचणी-पेटीत त्यांनी खऱ्या गोळ्या झाडून पाहिल्या. चाचणी त्यांच्या परवान्यात होती म्हणून हे करता आलं, शेतात जाऊन आपण करायचं हे काम नाही. बिल १,८०० रुपये झालं. पावतीवर त्यांनी "ट्रिगर पिन नवीन, भोक रीम केले" असं स्पष्ट लिहून दिलं.

निघताना ते म्हणाले, "आत्ता लाकूड पावसाने भरलंय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा आणा. पैसे लागणार नाहीत."

दिवाळीनंतर नेणं झालं नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि काही दिवसांत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. मला कागद लगेच दाखवता आले, दुरुस्तीची पावतीही, त्यामुळे ऑगस्ट ते सप्टेंबर रायफल कुठे होती हा प्रश्न वाढला नाही. जमा करताना नळीत आणि बोल्टवर नेहमीपेक्षा दाट तेल दिलं, नळीच्या तोंडाला काहीही कोंबलं नाही, आणि जमा पावतीवर रायफलचा क्रमांक अंकन् अंक तपासून घेतला. मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ ला. रायफल डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हातात आली. या वाटेत घाई करून काही होत नाही. ठाण्यातला कारकून दोनशे रायफलींच्या नोंदी काढत असतो. शांतपणे पावती घेऊन उभं राहिलं की काम होतं.

घरी रिकाम्या रायफलीवर ट्रिगर ओढून पाहिला आणि छातीत धस्स झालं. पहिला दाब निम्म्याने कमी झाला होता. बोट थोडंसं हललं की थेट दुसरा दाब. नवी पिन घातली आणि रायफल आधीपेक्षा धोक्याची झाली की काय, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मिस्त्रींना फोन केला. ते शांत होते. म्हणाले, "वाट बघत होतो तुमची."

रायफल त्यांच्याकडे नेली. त्यांनी गार्ड उघडला आणि पिनेकडे पाहिलंच नाही. गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक लहानशी पोलादी नळी असते, कॉलर. स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड आणि रिसीव्हर यांतलं अंतर ठरलेलंच राहावं, लाकूड चिरडू नये, यासाठी ती असते. आमची कॉलर फार पूर्वी कुणीतरी कानशीने आखूड केलेली होती. टोकावर कानशीच्या रेघा दिसत होत्या. कॉलर आखूड म्हणजे अंतर सगळं लाकडाच्या भरवशावर. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं, अंतर बरोबर. डिसेंबरात लाकूड वाळलं, गार्ड वर आला, ट्रिगर सिअरवर चढला, पहिला दाब गेला. इतकी वर्षं हे कळलं नव्हतं, कारण जुन्या पिनेतली ढिलाई ही कसर भरून काढत होती. ट्रिगर वर ढकलला गेला तरी झिजलेल्या भोकात त्याला खाली यायला जागा होती. नवी पिन घट्ट बसली आणि आखूड कॉलरचा दोष उघडा पडला.

या सगळ्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते हे, आणि सुटी पिन विकत घेऊन सुटी बसवणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. पिन, तिचं भोक, गार्डचे स्क्रू, कॉलर आणि लाकूड हे एकच काम आहे. या घराण्यातल्या रायफलीची पिन बदलली असेल तर कॉलर मोजून घ्या, आणि ट्रिगर एकदा पावसात व एकदा कोरड्या हवेत तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

कॉलर नवी करायला महिना गेला, कारण तिची लांबी लावून बघत थोडी थोडी कमी करावी लागते. जास्त लांब झाली तर गार्ड सैल राहतो आणि लाकूड रिसीव्हरला घट्ट बसत नाही, मग नेम बिघडतो. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात रायफल मिळाली. कॉलरचे ६०० रुपये मी आग्रहाने दिले, तपासणीचे त्यांनी घेतले नाहीत. पुन्हा त्याच सगळ्या चाचण्या झाल्या, तोच आकडा आला, आणि पहिला दाब जिथे हवा तिथे होता.

जुलै २०२५ मध्ये, भर पावसात, लाकूड ओलसर असताना रायफल पुन्हा त्यांच्याकडे नेऊन काट्यावर घातली. दुसरा दाब २.६ किलो, पहिल्या दाबाची लांबी जानेवारीइतकीच. त्याच दिवशी जुनी पिन आणि जुनी कॉलर यांचं काय करायचं ते विचारलं. आठवण म्हणून घरी ठेवायची माझी इच्छा होती, पण त्याही शस्त्राचे भागच. मिस्त्रींनी दोन्हीची रजिस्टरात नोंद केली आणि आपल्याकडे ठेवून घेतल्या. माझ्याकडे त्यांच्या मापांचे आकडे आहेत, पावतीच्या मागे लिहिलेले. पुढच्या वेळी पिन कितीने झिजली हे त्यावरून कळेल.